मामाची मांडी

१९ जून १९८९

आला! एलियासेर आला! अकरा वर्षांनी!

अक्षर बघा कसं आलंय. वर्गातल्या कुणी असं लिहिलं असतं तर मीच लाल रेघ ओढली असती. असू दे.

चौथीला भागाकार शिकवत होते. तेवढ्यात शेजारची कुकू आयनो शाळेच्या दारात. गावची म्हातारी सुईण ती — अंगाने काडी, आवाज मात्र बैलाचा. "ए मास्तरीणबाई! खडू टाक! तुझा खाणीतला मुलगा आलाय!"

खाणीतला! एवढी वर्षं आम्ही सगळ्या आया आमच्यावर राज्य करणाऱ्या गोऱ्या बोअरांच्या शिपायांना हेच सांगत आलो — मुलगा दक्षिणेला गेलाय, हिऱ्यांच्या खाणीत. सरहद्द ओलांडून लढायला गेलाय असं सांगितलं असतं तर घराला काडी लागली असती. अर्ध्या गावाची पोरं खाणीत! एवढ्यांनी खरंच हिरे काढले असते तर बोअर कधीच खिसे भरून चालते झाले असते.

युनोच्या पांढऱ्या ट्रकने त्याला चर्चपाशी सोडलं होतं. मी धावले. या गुडघ्यांनी! सतराव्या वर्षी गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी आला. दाढी वाढलेली, डावा पाय जरा ओढत चालतो. मिठी मारून म्हणाला, "मेमे, तू केवढी लहान झालीस गं!" मी म्हटलं, "एवढ्या लांबून आईला नावं ठेवायला आलास?" मग दोघंही रडलो. चर्चच्या पटांगणात, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

घरी बाजरीचा गोळा, रानभाजी आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेली कोंबडी. (म्हणजे तिच्या आईची आई राखली होती. वाट बघता बघता दोन पिढ्या गेल्या.) धाकटी बहीण राउना त्याच्या मागे मागे. तो गेला तेव्हा शेंबडी पोर होती, आता स्वतःच पोटुशी. तो हसत होता, तिचे गाल ओढत होता.

मग झोपडीच्या दाराशी त्याला बूट दिसले. लष्करी.

"हे कुणाचे?"

२० जून

फिलेमोनचे. माझ्या जावयाचे. आणखी कुणाचे असणार?

हे मी पत्रात कधी कळवलं नव्हतं, कारण पत्रच जात नव्हतं. फिलेमोन बोअरांच्या पलटणीत होता; आमच्या विहिरीवर पाणी प्यायला आला, तिथे राउना त्याला भेटली. या महिन्यात पलटण मोडली — युनोच्या करारात तसं ठरलंय — गणवेश परत केले, पोरं घरी धाडली. फिलेमोनला घर राहिलं नव्हतं. त्याच्या गावात त्याला कुणी पाणीसुद्धा देईना. राउनाला पहिलटकरीण म्हणून इथेच यायचं होतं, तिच्यासोबत तोही आला. पलीकडच्या झोपडीत राहतो. खाली मान घालून लाकडं फोडतो. लग्नाला दोन वर्षं झाली, तो मला एक शब्द उणा बोललेला नाही.

एलियासेरला मी म्हटलं, "अरे, तो बंदूकवाला नव्हता. दुभाष्या होता. साहेबाचं इकडे, इकडचं साहेबाला."

"म्हणजे मार देणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ‘बोल, बोल’ म्हणणारा! मेमे, बंदूकवाला परवडला!"

 मी कधी फिलेमोनला विचारलेलंच नाही. विचारायची भीती वाटते.

२३ जून

चार दिवस झाले. दोघांनी एकमेकांना ‘रात्र बरी गेली का’ विचारलेलं नाही.

आमच्याकडे एवढं विचारल्याशिवाय कुणी मीठसुद्धा मागत नाही. रात्र बरी गेली? गेली. खरंच बरी? खरंच. घरचे बरे? बरे. गुरं? बरी. हे झालं की मग खुशाल भांडा! वैरीसुद्धा आधी विचारतात. हे दोघं एकाच अंगणातून जातात आणि समोर जणू कुणीच नाही. 

आज एलियासेरने सांगून टाकलं. "मेमे, बाळंतपण होऊ दे. मग तो राहील, नाहीतर मी."

"आणि मूल?"

"त्याचं मूल मी मांडीवर घेणार नाही."

राउना आतून ऐकत होती.  बाजरी कांडत राहिली, नुसती कांडत राहिली. पीठ झालं तरी थांबेना.

मूल आईच्या कुळाचं असतं. बाप नाव ठेवतो, पण आधार मामाचा. झोपडीतून बाळ पहिल्यांदा बाहेर आणलं की पहिली मांडी मामाची. ती मिळाली नाही तर पोर आपल्याच घरात पाहुणं. एलियासेरला हे ठाऊक नाही असं नाही. ठाऊक आहे म्हणूनच बोलला.

२ जुलै

मला नोकरी लागली! शाळा सांभाळून युनोची दुभाषी. मिशनच्या फिनिश बाईंनी तरुणपणी घोटून घेतलेलं इंग्रजी या वयात कामाला आलं.

साहेब आयर्लंडचा. नाव डेक्लन. निळी टोपी, लाल तोंड, उन्हाने कानांची सालं निघालेली. शाळेमागच्या खोलीत उतरलाय. काम काय, तर नोव्हेंबरात निवडणूक, तोवर कुणी कुणाला धमकावू नये, मारू नये. परत आलेली पोरं आणि पलटणीतली पोरं यांना दर आठवड्याला एका झाडाखाली बसवायचं. शेकडो मैलांवर मोठे लोक कसल्या कसल्या करारांवर सह्या करून बसलेत. ते करार आमच्या गावात डेक्लनच्या दोन हातांनी पाळायचे.

आज पहिली बैठक. मारुलाच्या झाडाखाली गाव लोटलं होतं. डेक्लनने घड्याळ काढलं. "प्रत्येकाला तीन मिनिटं. सुरू करा."

कुणी सुरूच करेना. त्याने कुणाला रात्र कशी गेली हेच विचारलं नव्हतं ना! सगळे मुकाट बसले. तो घामाने निथळला. मला हळूच म्हणाला, "मॅडम, एवढा राग आहे लोकांच्या मनात?"

मी म्हटलं, "राग नाही. तुम्ही अजून आलाच नाहीत त्यांच्या लेखी."

मग शिकवलं. तो बिचारा एकेका म्हाताऱ्यापुढे वाकून विचारत गेला. त्यातच दुपार झाली. तीन मिनिटं म्हणे!

५ जुलै

डेक्लनला आज ‘रात्र बरी गेली का’ सगळं बिनचूक म्हणता आलं. संध्याकाळी, सूर्य बुडताना! पण बिनचूक.

१६ जुलै

मतदार म्हणून नाव लागलं. छप्पन्न वर्षांची झाले, आजवर मला कुणी ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं नव्हतं. ना सरकारने, ना स्वर्गवासी नवऱ्याने! हसूही आलं आणि भरूनही आलं.

फिलेमोन रांगेत उभा राहिला तेव्हा काहीजण ओरडले — "बोअरांचं कुत्रं! बोअरांच्या देशात जाऊन मत दे!" एकाने ढेकूळ उचललं. डेक्लन मधे जाऊन उभा राहिला. हत्यार नाही, काठी नाही, नुसती ती टोपी. ढेकूळवाल्याला विचारतो, "ताते, रात्र बरी गेली का?" आमच्या भाषेत, ताते म्हणजे बाबा म्हणून! ढेकूळवाला गांगरला. सवयच ती, तोंडातून ‘गेली’ निघालंच. लोक हसले. फिलेमोनचं नाव लागलं.

एलियासेर दुसऱ्या रांगेत होता. त्याने सगळं पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण ओरडणाऱ्यांत तो नव्हता. एवढं मी बघून ठेवलं.

३० जुलै

डेक्लन ताक प्यायला आला. पितो, तोंड वेडंवाकडं करतो, पुन्हा मागतो. मला आवडायला लागलाय तो.

विचारलं त्याने, "मेमे तायमी, तुमच्या घरात दोन चुली का पेटतात?"

सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझे दोन काका होते. आमचा देश मोकळा झाला तेव्हा एक इंग्रजांशी झालेला करार मानणाऱ्यांत गेला, एक न मानणाऱ्यांत. त्यानंतर एका चर्चमध्ये, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे. मधे माझी आजी. आयुष्यभर बोलले नाहीत. आजी गेली त्या दिवशीही नाही."

"मग आजी काय करायची?"

"निरोप सांगायची. ‘तुझा भाऊ म्हणतो पाऊस येणार.’ तिकडून, ‘त्याला म्हणावं दिसतोय मला.’"

मला हसायला आलं आणि हसता हसता धस्स झालं. म्हणजे मीच ती आजी! असं मरेपर्यंत निरोप सांगत बसायचं?

डेक्लन म्हणाला, "मला प्रयत्न करू द्या. माझं कामच आहे ते."

६ ऑगस्ट

आज आमच्या घरात शांतता परिषद भरली. लिहिते, नाहीतर राउनाच्या मुलांना कधी खरं वाटणार नाही.

दोघं समोरासमोर बसायला तयार नाहीत. डेक्लन म्हणाला, हरकत नाही, मोठमोठ्या परिषदांतही हेच करतात — एका खोलीत हा, दुसऱ्या खोलीत तो, मधला माणूस ये-जा करतो. ठरलं. एलियासेर त्याच्या झोपडीत, फिलेमोन पलीकडच्या झोपडीत. मधे डेक्लन आणि त्याच्या मागे मी.

पण चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. आणि घरात पाहुणा आला की आधी खाणं, मग बोलणं! एलियासेरने त्याच्यापुढे बाजरीचा गोळा ठेवला. डेक्लनने खाल्ला. मग ऐकलं. तिथून फिलेमोनकडे. राउनाने बाजरीचा गोळा ठेवला, वर बांबराच्या डाळीचं कालवण. डेक्लनने खाल्लं. ऐकलं. परत एलियासेरकडे. पुन्हा गोळा!

"मी आत्ताच—"

"ते त्या घरी, साहेब. आमचा अपमान करणार का?"

मी सांगायला हवं होतं की तोंडाला लावून बाजूला ठेवलं तरी चालतं. पण पोरगा इतक्या प्रामाणिकपणे खात होता! आणि खरं सांगू — दोघांचं चढाओढीने वाढणं बघून मला बरं वाटत होतं. दोघंही आपापल्या घराची अब्रू राखत होते. शेवटी घर एकच होतं.

भाषांतर करताना मात्र नाकी नऊ आले. एलियासेर म्हणाला, "त्या लाचाराला सांगा, माझ्या बापाच्या जागेवर त्याची सावलीही नको." मी इंग्रजीत म्हटलं, "त्याला जागा थोडी कमी वाटते." फिलेमोन म्हणाला, "मी बायकोसाठी इथे आहे. ती म्हणेल त्या दिवशी जाईन, तो म्हणेल त्या दिवशी नाही." मी म्हटलं, "तो फार कृतज्ञ आहे."

डेक्लनने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मेमे तायमी, तो एवढ्या रागाने कृतज्ञ आहे?"

"आमची भाषाच तशी आहे," मी म्हटलं.

पाचव्या फेरीला त्याच्याने उठवेना. अंगणाच्या मधोमध, दोन्ही झोपड्यांच्या बरोब्बर मधे, तो आडवा झाला. पोटावर टोपी. एलियासेर आपल्या दारातून बघतोय, फिलेमोन आपल्या दारातून. दोघांच्याही तोंडावर एकच हसू होतं. तेवढ्यात नजरानजर झाली आणि दोघांनी हसू गिळून टाकलं.

७ ऑगस्ट

डेक्लन आजारी. बाजरी जिंकली.

१९ ऑगस्ट

डेक्लन पण चिवट. बरा होऊन आला तो कागद घेऊनच. शेळ्यांचं दूध एक दिवस याने काढायचं, एक दिवस त्याने. रेडिओवर युनोच्या बातम्या लागतील तेव्हा दोघांनी ऐकायच्या, आवाज दोघांना पुरेल एवढा. बापाच्या खुर्चीवर कुणीच बसायचं नाही. बाळंतपण होईपर्यंत कुणी कुणाला घालवायचं नाही. दोघांनी सह्या केल्या. वेगवेगळ्या वेळी, पण एकाच पेनाने.

डेक्लन लहान मुलासारखा खूश! हेडक्वार्टरला कळवतो म्हणे. कुकू आयनो कागदाकडे बघून म्हणाली, "छान आहे. पण यात ‘रात्र बरी गेली का’ कुठे लिहिलंय?"

मी तिला दटावलं. भांडण थांबलं हे काय थोडं झालं? पण म्हातारी खोटं बोलली नव्हती. दोघं कागदाप्रमाणे वागतात. अगदी कागदाप्रमाणेच वागतात. घरात चोवीस तास कुणीतरी परीक्षा देतंय असं वाटतं.

१० सप्टेंबर

गावोगाव नावांचा नुसता सुकाळ झालाय. वरच्या वस्तीत एका मुलाचं नाव ठेवलं ‘निवडणूक’. एकीने मुलीचं ठेवलं युनोच्या मोहिमेचं. युनोच्या माणसांची नावं तर किती जणांना! डेक्लन तीन झालेत, त्यातली एक मुलगी.

डेक्लनला वाटायचं ही नुसती हौस आहे. आज समजावलं. ज्याचं नाव ठेवलं तो मुलाचा आणि मूल त्याचं म्बुशे होतं, जन्मभराचं नातं. पहिला कपडा त्याने द्यायचा. सासऱ्याचं नाव ठेवलं तर सून त्या पोरावर डोळे वटारू शकत नाही, ‘ताते, जेवायला चला’ म्हणते. (त्या पोरांची चंगळ!) एका नावाच्या दोन माणसांत वैर चालत नाही. एकाच्या घरात दुसऱ्याची चूल कुणी विझवत नाही.

डेक्लनने टोपी काढून हातात फिरवली. मग लाजत म्हणाला, "फिलेमोन... काही बोललाय का नावाबद्दल?"

"बापाला आधी विचारायचं नसतं. बाळ बाहेर आणेल त्या दिवशी सांगेल."

पण त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं. चाळिशी उलटली तरी त्याला मूलबाळ नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळून गेलं. मला वाटलं, खरंच, ठेवू दे फिलेमोनने याचं नाव. या घरासाठी एवढं पोट फुगेपर्यंत कोण जेवलंय?

८ ऑक्टोबर

डेक्लनच्या आईने आयर्लंडहून लोकरीची टोपी विणून पाठवली. बाळासाठी! इथे झाडाखालचं कुत्रंसुद्धा उन्हाने धापा टाकतंय. घडी करून माझ्याकडे ठेवायला दिली.

७ नोव्हेंबर

मत दिलं.

लिहायला बसले तर काही सुचतच नाही. रांग एवढी लांब की शेपूट दिसेना. म्हाताऱ्या गाढवगाड्यांतून आलेल्या, काही तर कालपासून मुक्कामाला. राउनाला नववा महिना, मी म्हटलं उद्या ये, ऐकेना. "माझ्या मुलाने विचारलं तर काय सांगू, आई झोपली होती?"

उन्हात तिला चक्कर आली. एका बाजूने फिलेमोनने धरलं. दुसऱ्या बाजूने — एलियासेरने! कुठून आला कोण जाणे. "गरोदर बाई आहे, वाट द्या!" लोकांनी वाट दिली. एका दंडाला हा, दुसऱ्याला तो, मधे माझी लेक पोट सांभाळत. असे तिघं डेक्लनच्या समोरून गेले. डेक्लनने मला कोपर मारलं. मी म्हटलं, "गप्प बसा. दृष्ट लागेल."

आत गेले. पडद्यामागे मी एकटी. खूण केली. बाहेर येऊन रडले. कुकू आयनो म्हणाली, "रडतेस काय? चुकीच्या ठिकाणी मारलीस की काय खूण?"

१४ नोव्हेंबर

निकाल! आपण जिंकलो! गाव नाचतंय. चर्चची घंटा थांबतच नाही. एलियासेर लंगड्या पायाने असा नाचला की मला बघवेना आणि नजरही हलवेना. आता राज्यघटना, मग नवा झेंडा. बोअर जाणार. खरंच जाणार!

दुपारी दारू प्यायलेला एक घोळका आमच्या कुंपणाशी आला. "त्या बोअरांच्या जिभेला बाहेर काढा!" डेक्लन दुसऱ्या गावाला गेलेला. फिलेमोन झोपडीतून निघाला. म्हणाला, "मेमे, मी जातो बाहेर. राउनाला धक्का लागायला नको."

मी त्याचा हात धरला. तेवढ्यात एलियासेर कुंपणाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. घामाने भिजलेला, नाचून आलेला, गळ्यात विजयाचा रुमाल. "हे माझ्या आईचं घर आहे. ज्याला आत यायचंय त्याने आधी मला विचारावं, रात्र कशी गेली."

ते त्याला ओळखतात. गेले.

फिलेमोन त्याच्या पाठीशीच उभा होता. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. एलियासेर मागे न बघता म्हणाला, "तुझ्यासाठी नाही. आईसाठी." आणि निघून गेला.

फिलेमोन कुऱ्हाड घेऊन आला. मग लाकडं फोडायला लागला. मला दोघांचाही राग आला आणि दोघांवरही माया आली. पदरात दोन निखारे, कुठला टाकू?

२६ नोव्हेंबर

मुलगा! धडधाकट! पहाटे झाला. कुकू आयनो म्हणते असा रडतोय की नव्या संसदेत जाईल. राउना थकलीय पण हसते. आजी झाले मी!

एलियासेरने दाराबाहेरून विचारलं, "बहीण बरी आहे ना?" बाळाचं नाही विचारलं. संध्याकाळी त्याची पिशवी बांधलेली दिसली.

"बाळंतपण झालं, मेमे. कागद संपला. तो जात नाही, मग मी जातो. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो, तू म्हणतेस म्हणून."

अकरा वर्षं वाट पाहिली ती याच्यासाठी?

३ डिसेंबर

आज बाळ बाहेर आणलं.

चर्चनंतर सगळे जमले. डेक्लन इस्त्रीचा सदरा घालून, हातात ती लोकरीची टोपी. मी अंगणात मामासाठी स्टूल ठेवलं होतं. वेडी आशा! एलियासेर गोठ्यापाशी, आमच्याकडे पाठ करून शेळी पिळत बसला. आज पाळी त्याचीच होती. कागद संपला तरी पाळी मोडली नाही त्याने. पिशवी कुंपणाशी टेकवलेली.

फिलेमोन बाळाला घेऊन बाहेर आला.  पाद्रीबाबांनी विचारलं, "बाबा रे, याला काय म्हणायचं?"

डेक्लनने श्वास रोखला. मी पण.

"हाफेनी," फिलेमोन म्हणाला.

हाफेनी. म्हणजे आनंद करा. चांगलं नाव आहे, पण आमच्या घरात हे कुणाचंच नाही. फिलेमोनच्या घराण्यातही नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डेक्लनचा चेहरा क्षणभर पडला. मग त्याने स्वतःला सावरलं, पुढे झाला आणि टोपी तरीही बाळाच्या डोक्यावर चढवली. नाकापर्यंत आली. गुणी माणूस.

मागे काहीतरी आपटलं. दुधाचं भांडं! एलियासेर उभा होता, पायांवर दूध.  तो सरळ फिलेमोनपुढे आला. साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा!

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"ज्याचं आहे त्याच्या मित्राने."

एलियासेरने बाळाकडे पाहिलं. मग फिलेमोनकडे. मग दोघं शेताकडे चालत गेले. जाता जाता फिलेमोनने बाळ माझ्या हातात दिलं. डेक्लन म्हणाला, "काय झालं? काय बोलले ते?" मी म्हटलं, "शब्द सांगते, पण मला काही समजलेलं नाही." पहिल्यांदाच मी त्याला जसंच्या तसं भाषांतर करून दिलं.

सूर्य कलला तरी दोघं परतले नाहीत. राउना विचारते, मारामारी नाही ना? मला काय ठाऊक!

४ डिसेंबर

एलियासेरने पिशवी सोडली. बाळ सकाळपासून मामाच्या मांडीवर आहे, राउनालाही मागून घ्यावं लागतंय. "चला म्बुशे, आईने बोलावलंय" म्हणून देतो आणि रडतो.

हाफेनी हे एलियासेरचंच नाव. रानातलं, लढाईतलं. तिकडे प्रत्येकाला दुसरं नाव असायचं, पकडला गेला तर घरावर येऊ नये म्हणून. मला, आईला, माहीत नव्हतं.

फिलेमोनला पाच वर्षांपासून माहीत होतं. आमच्या विहिरीवर पहिल्यांदा आला होता तो पाण्यासाठी नाही, मला निरोप द्यायला. राउना समोर आली आणि निरोप राहिला. नंतर का नाही सांगितलंस, मी विचारलं. "मग तुम्ही मुलगी उपकारापोटी दिली असती, मेमे."

पलटणीला एलियासेरच्या सोबतचा एक पोरगा सापडला होता, पोटात गोळी लागलेला. बोअर साहेब प्रश्न विचारत होता, फिलेमोन शेजारी उभा. पोरगा मरता मरता आपल्या भाषेत म्हणाला — तायमी मास्तरीणबाईंना सांग, त्यांचा मुलगा आता हाफेनी आहे, जिवंत आहे. आणि गावाचं नाव घेतलं.

साहेबाने विचारलं, काय म्हणतोय?

फिलेमोन म्हणाला, "पाणी मागतोय."